नगेटला गाडीची सवय लावताना

पोर्ट फेरी
२५ ऑक्टोबर १९९८

ती. मर्व यास,
धाकट्या लॉर्नाचा स. न. वि. वि.

इथे सगळं ठीक. तू गेल्या महिन्यात फोन केलास, मी आपली हो हो म्हणत राहिले आणि ठेवल्यावर जेनेलला सांगितलं की मामाने कोंबड्या घेतल्यात. तिने तुला उलट फोन केला तेव्हा कळलं की तू कोंबड्या नाही, गोळ्या घेतल्यास, गुडघ्यासाठी. कानात यंत्र घातलं की मला फ्रीजची घरघर छान ऐकू येते, माणसं नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं.

मुद्द्याचं लिहिते. या नाताळात तू इकडे यायचंस. देस गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. जेवायला मी आणि जेनेल अशा दोघी मायलेकीच, आणि समोर तिच्या बापाची खुर्ची. मला ते झेपायचं नाही. जुलैत त्याच्या अंत्यविधीला निघताना ऐनवेळी तुझी गाडी बंद पडली आणि तू येऊ शकला नाहीस. ते मी मनात धरलेलं नाही. गाडी आता दुरुस्त झाली असेलच.

तू लिहिशील की कुत्र्यामांजराला, नगेटला आणि पिकलला, कुणाकडे ठेवू. कुणाकडे ठेवू नकोस, घेऊन ये. फ्लॉस म्हातारपणाने गेली आणि तेव्हापासून नगेट गाडीजवळ फिरकत नाही, असं तू लिहिलं होतंस. बिचाऱ्याची आई गेली, घाबरला असेल. मी जेनेलला विचारलं. वॉर्नम्बूलला जनावरांच्या दवाखान्यात ती बारा वर्षं नर्स आहे, आणि सुट्ट्या आल्या की लोक शेवटच्या आठवड्यात धावत येतात, म्हणते, की उद्या निघायचंय, कुत्र्याला झोपेचं काहीतरी द्या. ती त्यांना आधी चांगली झापते. तिचं म्हणणं, जनावराला प्रवासाची भीती नसते, अचानकपणाची असते. म्हणून आत्तापासून सुरुवात कर.

नगेटचं असं. गाडी बंदच ठेवायची. दारं सताड उघडी. त्याचं जेवण गाडीपासून लांब ठेवायचं आणि रोज थोडंथोडं जवळ आणायचं. ओढायचं नाही, रागवायचं नाही, आत उचलून तर मुळीच टाकायचं नाही. तो आपणहून पाय ठेवेल त्या दिवशी गुपचूप एक मटणाचा तुकडा द्यायचा, फार कौतुक करायचं नाही. मांजराचं निराळं. पिकलची पेटी आजच माळ्यावरून काढ आणि बैठकीच्या खोलीत उघडी टाक. आत तुझा न धुतलेला स्वेटर घाल. न धुतलेला तुझ्याकडे असेलच. पेटी म्हणजे डॉक्टरकडे जाणं असं तिच्या डोक्यात बसलंय, ते जायला वेळ लागतो.

होईल तसं कळव. मी देसची खोली झाडून ठेवते आहे.

लोभ आहेच, तो प्रवासालाही पुरव.
तुझी
लॉर्ना


मूंटा
९ नोव्हेंबर

चि. लॉर्नास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कोंबड्यांवरून इथे बरंच हसणं झालं.

जेनेलला सांग, मामा तिचं सगळं ऐकतो. पेटी काढली. पिकल दोन दिवस तिच्याभोवती पोलिसासारखी फिरली. तिसऱ्या दिवशी मी उठलो तर बाईसाहेब आत, माझ्या हिरव्या स्वेटरवर, जणू पेटी तिच्या बापाची. आता मला स्वेटर हवा असला तरी मिळत नाही. पेटीचं दार लावून बघितलं, मग उचलून स्वयंपाकघरापर्यंत नेलं आणि आणलं. एकदा म्याव केलं, तेही उपकार केल्यासारखं.

नगेटला जास्त वेळ लागला. पहिल्या दिवशी ताटली शेडच्या दारात ठेवली तर तो उपाशी राहिला. मी ताटली कुंपणापाशी नेली, तेव्हा जेवला. मग रोज एक पाऊल. त्याच्याबरोबर मीही तिथेच, उलट्या बादलीवर बसून जेवायचो. वाल्डा कूखेल, ती शेजारची, कुंपणावरून बघून म्हणाली की आता तुम्ही दोघं भुंकायलाही एकदमच लागाल. ती अधूनमधून बीटाचा केक आणून देते. चांगला असतो. काल नगेटने पुढचे दोन पाय मागच्या सीटवर ठेवले. मी जेनेलने सांगितल्याप्रमाणे दुसरीकडे बघत मटणाचा तुकडा दिला. मग तो पुरता आत गेला, एक गिरकी घेतली आणि बसला. मी पुढे बसलो. बराच वेळ बसलो होतो आम्ही. कुठे जायचं नव्हतं, पण बरं वाटलं.

त्याचा स्वभाव आईवर गेलाय. फ्लॉसही अशीच, आधी सगळं बघून घ्यायची आणि मग पाय टाकायची.

देसची खोली माझ्यासाठी नको. मी बाहेरच्या पडवीत झोपेन. देसची खोली राहू दे.

गहू कापणीला आलाय. उन्हाळा यंदा लवकर तापणार असं दिसतं. जेनेलला आशीर्वाद.

आठवण ठेवतेस तशीच ठेव.
मर्व


पोर्ट फेरी
१८ नोव्हेंबर

ती. मर्व यास,
लॉर्नाचा स. न. वि. वि.

तुझं पत्र मी जेनेलला मोठ्याने वाचून दाखवलं, बादलीचा भाग दोनदा. ती खूश आहे. म्हणते, मामाला दवाखान्यात नोकरी देऊ. एक विचारू? तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? एका पानावर जेमतेम आठ ओळी. अरे, माझे कान गेलेत, डोळे नाहीत.

आता पुढची पायरी. नगेट आत बसला की दार लाव. दोन दिवसांनी इंजिन सुरू कर, पण गाडी हलवू नकोस. नुसती घरघर, आणि मटण. मग शेडमधून बाहेर आणि परत. मग चर्चपर्यंत. मग मूंटा बेच्या किनाऱ्यापर्यंत, म्हणजे गाडीने गेलं की काहीतरी चांगलं मिळतं हे त्याला कळेल. मागच्या सीटला बांधायचा पट्टा जेनेल पोस्टाने पाठवते आहे, तो घरातच घालून सवय कर. खिडकीतून डोकं बाहेर काढू द्यायचं नाही, डोळ्यात कचरा जातो. पिकलच्या पेटीवर ओला करून पिळलेला टॉवेल टाकायचा. निघायच्या आधी चार-पाच तास दोघांना खायला नाही. पाणी घरचंच डब्यात भरून घे, वाटेतल्या पाण्याने पोट बिघडतं. आणि दार उघडण्याआधी गळ्यात दोरी, हे विसरू नकोस. दरवर्षी कितीतरी कुत्री पेट्रोल पंपावर हरवतात, आणि जेनेल म्हणते की ती सगळी शहाणीच कुत्री असतात.

दोन दिवसांत ये, एकदम नको. माउंट गॅम्बियरला एक मोटेल मिळालंय, कुत्र्याला हो म्हणतात, मांजराबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. डिसेंबरच्या एकवीस तारखेची खोली धरून ठेवली आहे. पिकल इथे आली की आठ दिवस एकाच खोलीत ठेवायची, पेटी उघडी ठेवून. त्यासाठी शिवणाची खोली रिकामी केली.

खरं सांगू, देस गेल्यापासून पहिल्यांदाच मला पुढच्या महिन्याचं काही ठरवावंसं वाटलं. नाताळचं पुडिंग करून, कापडात बांधून टांगलंसुद्धा.

कधी निघतोस ते नक्की लिही. लोभ आहे, उत्तर मात्र हवं.
लॉर्ना


मूंटा
२९ नोव्हेंबर

चि. लॉर्नास,
अनेक आशीर्वाद.

पट्टा मिळाला. नगेटला बसतो. पिकल मजेत.

इंजिनाचं मात्र जमत नाही. सुरू झालं की तो थरथर कापतो, लाळ गाळतो. मला बघवत नाही. जेनेलच म्हणाली होती ना की जबरदस्ती करायची नाही. मला वाटतं यंदा त्याची तयारी होणार नाही. मोटेलवाल्यांना कळवून टाक. उन्हाळा ओसरल्यावर, ईस्टरच्या सुमारास बघू. तेव्हा गारवाही असेल.

पुडिंग टांगलंस ते वाचून वाईट वाटलं. तू आणि जेनेल मिळून खा. मनाला लावून घेऊ नकोस.

मर्व


पोर्ट फेरी
४ डिसेंबर

मर्व यास,

नमस्कार वगैरे लिहायची आज इच्छा नाही.

तुझं पत्र मी जेनेललाही दाखवलं. ती म्हणाली की जो कुत्रा आपणहून आत जाऊन गिरकी घेऊन बसतो, तो इंजिनाला एवढा घाबरत नाही. घाबरलाच तर दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरू करायचं, त्याला ईस्टर लागत नाही. मग मलाच कळलं. नगेटची तयारी नाही असं नाहीच. तुझी इच्छा नाही.

तर स्पष्टच बोलते. जुलैत तुझी गाडी बंद पडली. बस होती. ॲडलेडहून रात्रीची बस होती. देसने तुला सख्ख्या भावासारखं वागवलं. तुझी बायको गेली तेव्हा तो तुझ्याकडे तीन आठवडे येऊन राहिला, तुझं छप्पर दुरुस्त केलं. त्याच्या पेटीला खांदा द्यायला एक माणूस कमी पडला, आणि ती जागा अंत्यविधीवाल्याच्या नोकराने भरली. मी कुणाला काही बोलले नाही. देस गेल्यावर तू मला चार ओळी लिहिल्यास. कुत्री मेली तेव्हा दोन पानं. मी दोन्ही पत्रं ठेवली आहेत.

आणि आता कुत्र्याच्या आड लपतोस. खरं कारण कुंपणापलीकडे असेल. ती कूखेलबाई बीटाचा केक घेऊन येते, तिचा पाहुणचार सोडवत नसेल. नवरा गेलेल्या बायकांना दुसरीच्या भावाला खाऊ घालायला बराच वेळ असतो. मला माहीत आहे, आता मीही त्यांच्यातलीच.

मोटेलवाल्यांना मी काही कळवणार नाही. तू कळव. कुत्रा घाबरला म्हणून सांग.

लॉर्ना


मूंटा
१० डिसेंबर

श्रीमती लॉर्ना यांस,
वाल्डा कूखेलचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी मी तुम्हाला बऱ्यापैकी ओळखते. ऑगस्टपासून तुमची मर्वला आलेली सगळी पत्रं मीच त्याला वाचून दाखवते. परवाचंही मीच वाचलं. माझ्याबद्दलच्या मजकुरापाशी आले तेव्हा मी थांबले. त्याने का थांबलीस म्हणून विचारलं. मी म्हटलं, शाई फुटली आहे. तो म्हणाला, लॉर्नाची शाई कधी फुटत नाही, वाच. मग वाचलं. माझ्या आवाजात ते ऐकून तो इतका ओशाळला की माझ्याकडे पाठ करून चूल पुसत बसला. चूल स्वच्छ होती.

मी हे त्याला न विचारता लिहिते आहे. दिलेला शब्द मोडायची मला सवय नाही, आणि लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण तुम्ही जे समजून बसला आहात ते तसंच राहिलं तर त्याची लाज मला जास्त वाटेल.

मर्वला दिसत नाही. अगदीच नाही असं नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं गेलं आहे. माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे बघतो, म्हणजे चेहरा दिसतो. अक्षर मोठं झालं ते त्यामुळे. डॉक्टरांनी त्याला मार्चमध्येच सांगितलं होतं की आता गाडी चालवायची नाही. त्याने कुणाला सांगितलं नाही. इथे गाडी नाही तर माणूस घरात बसला, आणि लोक तुम्हाला दूध आणून द्यायला लागतात. ते त्याला नको होतं. दुकानापर्यंत, पोस्टापर्यंत तो चालवतच राहिला.

जुलैत तुमच्या यजमानांच्या अंत्यविधीला तो निघाला होता. मी खिडकीत होते. काळा सूट, बूट चकचकीत, हातात फ्रूटकेकचा डबा. एवढ्या लांब गाडी न्यायची म्हणून घाबरलाही असेल, घाईतही होता. शेडमधून गाडी मागे घेतली. फ्लॉस नेहमीप्रमाणे चाकामागे उन्हात पडली होती. म्हाताऱ्या कुत्रीला ऐकू कमी येत असे. त्याला ती दिसली नाही. नगेट तिथेच उभा होता, त्याने सगळं पाहिलं.

मी धावत गेले तेव्हा तो सूट घालूनच मातीत बसला होता आणि तिच्या कानांना हात लावत होता. लगेच गेली ती, त्रास झाला नाही, निदान मी त्याला तसं सांगितलं. मी म्हटलं, चल, मी तुला ॲडलेडला बसवर सोडते. तो म्हणाला की हे हात घेऊन मी देसच्या पेटीला हात लावू का. त्याने तिला त्याच कपड्यांत बागेत पुरलं. मग तुम्हाला गाडी बंद पडली म्हणून कळवलं. पुढे दोन पानं लिहिली ती तीन दिवस लिहीत होता, आणि त्यात एवढंच खरं नव्हतं की ती म्हातारपणाने गेली.

गाडी जिथे थांबली होती तिथून मीच आत लावली. तेव्हापासून इंजिन एकदाही सुरू झालेलं नाही. नगेट थरथरतो, लाळ गाळतो, हे खोटं आहे. नगेट तयार आहे. जेनेलने सांगितलेलं सगळं मर्वने अगदी मनापासून केलं. कशासाठी करतोस म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला की तोवर काहीतरी सुचेल. रोज संध्याकाळी कुत्रा मागच्या सीटवर जाऊन बसतो, पट्टा लावून घेतो आणि वाट बघतो. मर्व पुढे बसतो, हातात किल्ली धरून. मग दोघं उतरतात आणि जेवायला जातात.

मीच त्याला तुमच्याकडे आणून सोडलं असतं, पण माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत आणि मला सोळाला पोर्ट लिंकनला मुलाकडे जायचं आहे. हे पत्र टाकून आले की मी त्याला सांगणार आहे. चिडला तर चिडू दे.

केकबद्दल एवढंच, की बीट माझ्याकडे फार होतात.

गैरसमज नसावा, आणि झाला तर माझ्याबद्दल असावा, त्याच्याबद्दल नको.
वाल्डा कूखेल


पोर्ट फेरी
१४ डिसेंबर

श्रीमती वाल्डा यांस आणि ती. मर्व यास,
लॉर्नाचा स. न. वि. वि.

वाचणाऱ्या तुम्हीच आहात, वाल्डा, तेव्हा दोघांना एकदमच लिहिते. निघण्याआधी एवढं एक वाचून दाखवा.

आधी तुमचं. ते वाक्य लिहिताना मला वाईट वाटलं नव्हतं, उलट छान जमलं असं वाटलं होतं. हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. चुकून निघालं, रागात निघालं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ज्यांनी माझ्या भावाचे डोळे व्हायचं काम केलं, त्यांच्याच तोंडून मी ते वदवलं. तुमच्यासमोर उभं राहायची वेळ आली तर मी कुठे बघू ते मला कळत नाही.

मर्व, तुझं पत्र मी काल पुन्हा काढलं. फ्लॉसचं. दोन पानं. तू लिहिलं आहेस की ती शेवटपर्यंत तुझ्यावर विश्वास ठेवून होती. ऑगस्टमध्ये ते वाचून मी जेनेलला म्हटलं होतं की मामाला म्हातारचळ लागला, कुत्रीसाठी रडतोय. मी असं म्हटलं हे तुला कळायची काही गरज नव्हती, पण आता तू माझ्यापासून काही लपवू नयेस असं मला वाटत असेल तर मीही लपवून चालणार नाही.

तू जे केलंस ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं. रस्त्यावर कुणाचं पोर असतं तर काय, हे तुझ्याही डोक्यात येत असणार आणि रात्री येत असणार. पण पेटीला हात लावायचं म्हणशील तर देसने तुझे ते हात धरले असते. तुला ते माहीत आहे.

आम्ही वीसला येतो आहोत. जेनेलची गाडी, जेनेल चालवणार. तुला काही ठरवायचं नाही, कुठे बघायचं नाही. नगेट आणि पिकल येणार आहेत, त्यांची तयारी झाली आहे. तुझी नसेल तर जेनेल म्हणते, तिला तयारी करून घेता येते.

वाल्डा, सुनेची सुटका सुखरूप होवो. पोर्ट लिंकनचा पत्ता फळीवर ठेवून जा.

माझ्यावर लोभ असावा असं आज मागवत नाही. उरला असेल तेवढा असू द्या.
लॉर्ना


पोर्ट फेरी
२८ डिसेंबर

श्रीमती वाल्डा यांस,
लॉर्नाचा स. न. वि. वि.

नातीचं कळलं. मर्वला तुमचं कार्ड वाचून दाखवलं तर त्याने वजन दोनदा विचारलं, जणू कोकराचं.

आम्ही कसे पोहोचलो ते सांगायचं राहिलं आहे.

मूंटाला पोहोचलो तेव्हा मर्व फाटकात आला नाही. मागच्या अंगणात नगेटला विंचरत बसला होता. मी रस्ताभर काय बोलायचं ते ठरवत आले होते. सुरुवात केली तर म्हणाला की आधी चहा घे, मग रड. त्याने चहा केला. कपाच्या कडेला बोट लावून ओततो, ते मी पहिल्यांदा पाहिलं. मी वर्षभर त्याच्याकडे गेले नव्हते, वाल्डा. गेले असते तर पहिल्याच कपाला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकल आपल्या पेटीत, नगेट मागच्या सीटवर पट्ट्यात, दोघं आम्हालाच उशीर होतोय अशा चेहऱ्याने बसलेले. मर्व मात्र गाडीत बसेना. जेनेलने त्याला ओढलं नाही. इंजिन बंद केलं, सगळी दारं उघडी टाकली आणि स्वतः पायरीवर बसून सफरचंद खात राहिली. बऱ्याच वेळाने तो हलला. गाडीच्या पुढे गेला, वाकला आणि पुढच्या चाकाखाली हात घालून चाचपलं. मग मागचं चाक. मग पलीकडली दोन्ही. गाडीखाली काठी फिरवली. सगळं झाल्यावर आत येऊन बसला आणि म्हणाला, आता कर सुरू. जेनेलने किल्ली फिरवली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. नगेट मागे जांभई देत होता.

वाटेत जिथे थांबलो तिथे हेच. मरे ब्रिजला, पेट्रोल भरताना, जेवायला. नगेट दोरीला धरून फिरून यायचा, पाणी प्यायचा, टुणकन आत जाऊन बसायचा. आणि हा चार चाकं चाचपायचा. गुडघे टेकून. मांडीवर तेलाचे डाग. आमच्या मागे गाड्यांची रांग. नॅराकूर्टला शेजारच्या गाडीत एक कुटुंब होतं, गाडीला मागे जोडलेली बोट, नवे कपडे. त्यातल्या बाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि दोघं हसले. मुलं मान काढून बघायला लागली. मला ऐकू येत नाही, पण हसणं दिसतं.

मी काय केलं ते तुम्हाला लिहायलाच हवं, कारण ज्या बाईने तुमच्याबद्दल तसं लिहिलं ती एका पत्राने सुधारली असं तुम्हाला वाटायला नको. मी खिडकीची काच वर केली आणि दुसरीकडे बघितलं. तो माझा कुणी नाही असं. तो आत येऊन बसला तेव्हा धापा टाकत होता, आणि झालं बघून, निघू या, असं त्याने मलाच सांगितलं, माझ्या कानाकडे बघत. माउंट गॅम्बियरपर्यंत माझ्याने त्याच्याशी बोलवलं नाही. त्याला वाटलं मी दमले. आपली शाल काढून त्याने माझ्या गुडघ्यांवर टाकली.

नाताळच्या सकाळी तो म्हणाला की देसकडे जाऊ. नगेटलाही घेऊ, आता त्याला गाडी आवडते. त्याने तोच काळा सूट घातला होता. वाल्डा, तुम्ही धुऊन, रफू करून दिला होता तो. जेनेल स्टिअरिंगपाशी बसली. मर्व फाटकासमोर गाडीच्या पुढे गेला आणि गुडघा टेकायला लागला. आमची गल्ली त्या दिवशी भरलेली असते, सगळे चर्चला निघालेले. समोरचे वॉटसन, त्यांची सून, त्यांचे पाहुणे, सगळे थांबून बघत होते. मला पुन्हा तसंच वाटलं, अगदी तसंच, काच वर करावी असं.

मग मी उतरले. चर्चचा चांगला झगा होता अंगात. त्याला म्हटलं, तू तुझ्या बाजूची दोन बघ, माझ्या बाजूची मी बघते. मी वाळूत गुडघे टेकले आणि चाकाखाली हात घातला. गार होतं. काही नव्हतं. मागच्या चाकाखाली घातला. तिथेही काही नव्हतं. गाडीच्या मागे आम्ही समोरासमोर आलो, दोघांच्या हाताला काळं लागलेलं. त्याने विचारलं की तुझ्या बाजूला काही आहे का. मी म्हटलं, नाही, तुझ्या? तो म्हणाला, नाही.

मग आम्ही देसकडे गेलो.

मर्व ईस्टरपर्यंत इथेच राहील. बीट फार झाले तर इकडे घेऊन या, माझ्या घरी.
तुमची
लॉर्ना